गणवेश जूनला हवा, दिवाळीला नाही



गणवेश म्हटला की आपल्या पाड्यांवर पहिला आठवतो तो फॉरेस्टवाल्याचा. त्याच्याबद्दल या पत्रकात आजवर भरपूर लिहून झालंय, पुढेही लिहावं लागणार आहे. या वेळी लिहायचंय ते आपल्या पोरांच्या अंगावरच्या गणवेशाबद्दल. मागच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा दोन-तीन जुन्या कार्यकर्त्यांनी सरळ विचारलं, "आपली संघटना जमिनीची. दाव्यांचं काम अर्धं पडलंय. आणि तुम्ही पोरंपोरी शर्ट-चड्डीचं काय घेऊन बसलात?"

विचारलं ते बरं केलं. आधी त्याचंच उत्तर देतो.

वर्षाचा हिशोब मांडून बघा. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. परत येतात ती उन्हाळा संपता संपता. शेठ उचल कापून घेतो, खाडे कापून घेतो, मधल्या बाजारहाटाला दिलेले पैसे कापून घेतो, आणि मग जे हातावर पडतं त्यात पावसाळा काढायचा असतो. राब भाजून झालेला असतो, बियाणं बघायचं असतं, घर शाकारायचं असतं, मीठ-मिरची भरून ठेवायची असते. आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात शाळेची घंटा वाजते. एकेका घरात शाळेत जाणारी दोन-दोन, तीन-तीन पोरं. दप्तर, वह्या, चप्पल आणि गणवेश. ज्याच्या हातात पैसा उरलेला नाही तो काय करतो? दुकानदाराकडे उधारी करतो, नाहीतर मुकादमाकडे जातो. आवणीच्या आत घेतलेली उचल म्हणजे दिवाळीनंतरची भट्टी पक्की.

आता दाव्यांकडे या. जागेची पाहणी, जीपीएस घेऊन प्लॉटच्या कडेनं फिरणं, शेजारच्यांची साक्ष घेणं, ही कामं पावसात होत नाहीत. ती होतात गवत वाळल्यावर. म्हणजे दावेदार भट्टीवर असतो तेव्हाच. म्हातारा बाप एकटा घरी, त्याला हद्द दाखवता येते पण कागद कुठं ठेवलाय ते ठाऊक नसतं. मग शेरा पडतो. पुढं तो शेरा पुसायला किती वर्षं जातात ते आपल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक?

एकट्या गणवेशापायी कोणी भट्टीवर जात नाही, एवढं आम्हालाही कळतं. पण उचल ही अशीच साठते. दोनशे इथं, पाचशे तिथं. त्यातले जे पैसे सरकारनं कायद्यानं द्यायचेत तेसुद्धा आपण मुकादमाकडून घेत असू, तर तो प्रश्न संघटनेचा नाही असं कसं म्हणायचं?

आणखी एक. जातीच्या दाखल्याला पहिला कागद कोणता मागतात? शाळेचा. बापाचा शाळा सोडल्याचा दाखला, आज्याचं रजिस्टरला नाव. ज्या घरात कोणीच शाळेच्या रजिस्टरला लागलं नाही त्या घराची किती दमछाक होते ते कातकरी वाडीवर जाऊन विचारा. पोर पहिलीत नाव घालून दुसरीत गळलं तर घाटा त्या पोरापुरता राहत नाही. पुढच्या पिढीच्या हातात कमी कागद राहतो.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की सहा ते चौदा वयाच्या पोराला शिक्षण मोफत. मोफत म्हणजे नुसती फी माफ नाही. ज्या खर्चामुळं पोराचं शिक्षण अडेल असा कुठलाच खर्च त्याच्यावर टाकायचा नाही, असे शब्द कलम ३ मध्ये आहेत. नियमांत पुस्तकं, लिहायचं सामान आणि गणवेश यांची नावं घालून मोफत म्हटलंय. पैसा येतो तो समग्र शिक्षा योजनेतून. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते आठवीच्या सगळ्या मुली, आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालचे मुलगे, यांना वर्षाला दोन गणवेश. एका गणवेशाला ३०० रुपये, दोनाचे ६००. जे मुलगे यात बसत नव्हते त्यांच्यासाठी २०२३ पासून राज्य सरकार स्वतःचा पैसा घालतं. त्याच वर्षी बूट आणि दोन जोड मोजे यांना १७० रुपये मंजूर झाले. १७० रुपयांत कुठला बूट येतो आणि आपल्या चिखलात तो किती दिवस टिकतो, यावर वेगळा लेख होईल. इथं सोडून देतो.

म्हणजे पैसा आहे. कायदा आहे. तरी आपली पोरं ऑगस्टपर्यंत मागच्या वर्षीच्या आखूड झालेल्या शर्टात का बसतात?

कारण सरकार दर दोन-चार वर्षांनी हा पैसा एका हातातून काढून दुसऱ्या हातात देतं, आणि प्रत्येक वेळी सांगतं की आता भ्रष्टाचार बंद होणार.

२०१७ साली काय झालं ते आठवतंय ना? तेव्हा दोन गणवेशांचे ४०० रुपये होते. सरकारनं ठरवलं, पैसे थेट खात्यात. पोराचं आणि आयचं मिळून बँकेत खातं काढा, गणवेश आधी स्वतःच्या पैशानं घ्या, पावती शाळेत दाखवा, मग पैसे जमा होतील. ऐकायला किती सरळ! बँक तालुक्याला. जायला एक रोज बुडतो, गाडीभाडं वेगळं. शून्य रकमेचं खातं काढून द्यायला बँका तयार नव्हत्या, खात्यात पाचशे-हजार ठेवा म्हणत होत्या. चारशे मिळवायला पाचशे भरायचे. आणि पावती! बाजारात खाली कापड पसरून बसलेला माणूस कुठली पावती देणार? ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्यालाच सरकारनं पैसे द्यायचं ठरवलं, असा त्याचा अर्थ झाला. गावोगावचे शिक्षकसुद्धा ओरडले. शेवटी ते मागं घ्यावं लागलं, आणि पैसा पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला.

मग २०२४ ला 'एक राज्य एक गणवेश'. सगळ्या महाराष्ट्रात एकच रंग, आकाशी आणि गडद निळा. कापड राज्यानं एकत्र घ्यायचं, शिवायचं काम महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडे. दुसरा गणवेश स्काऊट-गाईडचा. त्याचं कापड समितीला द्यायचं, आणि समितीनं तो गावातच शिवून घ्यायचा. शिलाई १०० रुपये, वरखर्चाला १०.

बचत गटाच्या बायांना काम मिळालं हे चांगलं झालं, त्याला आमचा विरोध नव्हता आणि नाही. पण कापड वर मुंबईत ठरणार, तिथून जिल्ह्याला, तिथून तालुक्याला, मग शिलाई केंद्राला, मग शाळेला. कोकणाच्या पावसात या वाटेनं येणारी वस्तू कधी पोचते ते रेशनच्या धान्यावरून आपल्याला ठाऊक आहेच. शाळा जूनमध्ये उघडली. पंधरा ऑगस्टच्या झेंड्याला राज्यभर किती शाळांत पोरं जुन्याच कपड्यांत उभी होती ते पेपरात छापून आलंय. आले ते गणवेश मापाचे नव्हते. आमच्या भागातल्या एका शाळेत चौथीच्या पोरांना सातवीचे शर्ट आणि सातवीच्या पोरांना चौथीच्या चड्ड्या अशी वाटणी झाली. बाया घरी उसवून, दुमडून, हातानं टाके घालून बसल्या. आणि शंभर रुपयांत शर्ट-पँट शिवून द्यायला बाजारातला कुठला शिंपी तयार होईना. त्याचंही चूक नाही. दोरा, बटणं, वीज, आणि दिवसाचा बराचसा वेळ, हे सगळं शंभरात कसं बसावं?

यात आपल्या पोरांचं आणखी एक वेगळं नुकसान झालं, जे पेपरात आलं नाही. ज्यांची घरं दिवाळीनंतर भट्टीवर जातात त्यांच्या पोरांना सप्टेंबरात आलेला गणवेश दोन महिने मिळतो. नंतर तो गाठोड्यात बांधलेला, नाहीतर भट्टीवर विटांच्या धुळीत. पुढच्या जूनला पोर वाढलेलं असतं. म्हणजे कागदावर दोन गणवेश, अंगावर धड एकही नाही. शहरातल्या पोराला गणवेश तीन महिने उशिरा आला तर त्याचे तीन महिने गेले. आपल्या पोराचं अख्खं वर्ष गेलं.

डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं हेही मागं घेतलं. २०२५-२६ पासून गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीनं घ्यायचा असं ठरलं. म्हणजे फिरून तिथंच. पण या वेळी आपण गप्प बसून चालणार नाही, कारण समिती म्हणजे कोण? कायद्याप्रमाणं समितीत शंभरातले पंच्याहत्तर सभासद आईबाप असले पाहिजेत आणि निम्म्या बाया. वंचित घरांच्या आईबापांना त्यांच्या प्रमाणात जागा. कागदावर आपलीच माणसं बसलेली आहेत. खरं काय होतं ते आपण बघतो. अध्यक्षाची सही गुरुजींच्या टेबलावर होते, बैठक कागदावर होते, आणि गणवेशाचे गठ्ठे तालुक्याच्या एखाद्या दुकानातून येतात. दुकान कोणी ठरवलं, भाव कोणी ठरवला, कोणाला ठाऊक नसतं. सगळेच गुरुजी असे नाहीत. काही गुरुजींनी स्वतःच्या खिशातून पोरांना कपडे घेतलेले आम्ही पाहिलेत. पण चांगला माणूस भेटला तर हक्क मिळणार, असल्या हक्काला काय अर्थ?

काही साथी म्हणतात, समिती नको, दुकानदार नको, रोख पैसे द्या. आश्रमशाळेचं उदाहरण देतात. तिथं वस्तूंच्या खरेदीत काय काय झालं ते न्या. गायकवाड समितीनं तपासलं. २००४ ते २००९ ची खरेदी. हायकोर्टाच्या आदेशानं नेमलेली समिती होती ती. त्यानंतर गणवेश, साबण, तेल यांचे पैसे आश्रमशाळेच्या पोरांच्या खात्यात टाकायचं ठरलं. ठेकेदाराचा हात त्या पैशातून निघाला ही मोठी गोष्ट आहे. पण पैसे वेळेवर आले का? शाळा सुरू होऊन महिने उलटतात तरी खातं कोरडं, अशी ओरड दरवर्षी असते. लॉकडाऊनच्या काळात जाहीर झालेल्या ४००० रुपयांच्या खावटी अनुदानाचंही आठवा. अर्धे पैसे, अर्ध्या वस्तू. ज्या वेळी चूल बंद होती त्या वेळी ते किती घरांत पोचलं?

तेव्हा रोख की वस्तू या भांडणात आम्हाला फार रस नाही. आमचं म्हणणं असं, की पैसा मे महिन्यात गावात आला पाहिजे आणि तो कसा खर्च झाला ते पाड्याच्या सभेत वाचून दाखवलं पाहिजे. मग कापड घेऊन पाड्यावरच्या बाईकडून शिवून घ्या किंवा बाजारातून तयार घ्या. आपल्याकडे शिवणयंत्र असलेल्या बाया आहेत. प्रत्येक पाड्यावर नसतील, पण चार पाड्यांत एक तर निघते. तिला शंभर नाही, पुरती शिलाई द्या. माप समोर घेतलं जाईल, पोर वाढतं म्हणून खाली दोन बोटं कापड दुमडून ठेवलं जाईल. एवढी साधी अक्कल मुंबईहून येणाऱ्या गठ्ठ्यात नसते.

आता पैशाच्या आकड्याकडे या, कारण सगळा घोळ इथं आहे. दोन गणवेशांचे ६०० रुपये ठरले २०१८ मध्ये. त्या साली रोजगार हमीची मजुरी होती २०३ रुपये. म्हणजे एक गणवेश घ्यायला दीड दिवसाची मजुरी. एप्रिल २०२५ पासून मजुरी झाली ३१२. कापड महाग झालं, दोरा महाग झाला, शिवणारीची मजुरी वाढली. गणवेशाचे तीनशे मात्र तीनशेच. मजुरी वाढवताना महागाई वाढली हे सरकारला मान्य, आणि त्याच महागाईत पोराचा शर्ट तेवढ्याच पैशात मिळतो असंही सरकारला वाटतं! आम्ही बाजारात विचारून आलो. तीनशेला जो जोड मिळतो त्यातून आरपार दिसतं. दोन धुण्यांत रंग जातो. मग शाळा म्हणते, वरचे शंभर-दीडशे तुम्ही घाला. हे वरचे पैसे मागायचा अधिकार कोणाला नाही. कोणी मागितले तर पावती मागा. पावती देणार नाहीत, आणि मागायचंही थांबवतील.

मुलींचा उपस्थिती भत्ता तर विसरूच नका. १९९२ साली सुरू झाला. अनुसूचित जाती, जमाती, भटक्या-विमुक्तांच्या गरीब घरच्या पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत आल्याबद्दल दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२०. तेव्हा एका रुपयात काहीतरी येत असेल. तीस वर्षं उलटली, रुपया रुपयाच राहिला. आज तो मोजायला लागणारा गुरुजींचा वेळसुद्धा त्याहून महाग आहे. गणवेशाच्या तीनशेचं असंच होऊ द्यायचं का, हे आत्ता ठरवायला हवं.

आणि आठवीनंतर? नववीत गेलेली पोर काय वेगळी झाली? तिचं अंग वाढलंय, तिला कापड जास्त लागतं, पाळीचे दिवस असतात, दोन जोड नसतील तर ती त्या दिवशी शाळेत जात नाही. नेमकी तिथंच योजना संपते. पुढचं शिक्षण बहुतेक ठिकाणी संस्थेच्या अनुदानित शाळेत असतं. तिथं समग्र शिक्षेचा गणवेश नाही. आश्रमशाळेत राहिली तर खात्यात पैसे, घरून चालत गेली तर काही नाही. चार-पाच किलोमीटर ओढे ओलांडून जाणाऱ्या मुलीला सरकार असं सांगतं, की तू घर सोडून ये मग तुला कपडे देऊ. आपल्या कितीतरी मुली आठवीवर थांबल्या आहेत. प्रत्येकीचं कारण गणवेश नसेल, पण आईबापांचा जूनचा हिशोब करताना मुलीचं नाव आधी खोडलं जातं. हे आपल्याच घरांत होतं, सरकारच्या नाही. त्याबद्दलही बोलायला पाहिजे.

कोणी अधिकारी बैठकीत असं म्हणेल, "तुम्हाला पेसाचा अबंध निधी मिळतो ना, त्यातून घ्या गणवेश." याला साफ नाही म्हणायचं. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के पैसा ग्रामसभांना मिळतो तो आपल्या गावानं आपली गरज ठरवून वापरायला. पोरांचा गणवेश ही कायद्यानं सरकारवर टाकलेली जबाबदारी आहे. एका खिशातला हक्काचा पैसा वाचवण्यासाठी दुसऱ्या खिशात हात घालू द्यायचा नाही. हां, ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळालाय, ज्यांची स्वतःची कमाई उभी राहतेय, त्यांनी सभेत ठरवून नववी-दहावीच्या मुलींना कपडे घ्यावेत, तो त्यांचा मोठेपणा. पण ते गावानं ठरवायचं. साहेबानं सांगायचं नाही.

मग या महिन्यात काय करायचं? पाड्याची सभा घ्या. पेसात ती बोलवायला कोणाची परवानगी लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्यातलं कोण आहे ते सभेत उभं करा. काहींना आपण सभासद आहोत हेच ठाऊक नसतं, हसू नका, खरं आहे. अध्यक्षांना सांगा, खात्याचं पासबुक घेऊन या. गणवेशाचे किती पोरांचे किती पैसे आले किंवा यायचेत ते गुरुजींना लेखी विचारा. भट्टीवरून परत आलेल्या घरांतल्या पोरांची नावं यादीत आहेत का ते एकेक नाव घेऊन बघा. गैरहजर म्हणून नाव वगळलं असेल तर तिथंच लिहून घ्या. पैसे आले नसतील तर गटशिक्षणाधिकाऱ्याला सभेचा ठराव द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठायचं नाही, हे वनहक्काच्या कामात आपण शिकलोय, तेच इथं वापरायचं.

आणि जूनमध्ये गणवेश नाही म्हणून कोणा पोराला वर्गाबाहेर उभं केलं, टोचून बोललं, घरी पाठवलं, तर आईबापांनी एकट्यानं भांडायला जाऊ नये. चार माणसं मिळून जा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारायलाही बंदी आहे आणि मानसिक त्रास द्यायलाही. शांतपणे कलम वाचून दाखवा. बऱ्याचदा तेवढं पुरतं. नाही पुरलं तर संघटनेच्या तालुका कमिटीला कळवा.

तालुक्यावर आपण चार मागण्या घेऊन जाणार आहोत: पैसे मे अखेर समितीच्या खात्यात, तीनशेचा आकडा मजुरीच्या वाढीप्रमाणं दरवर्षी वाढवणं, घरून येणाऱ्या दहावीपर्यंतच्या मुलामुलींना गणवेश, आणि शिलाईचं काम पाड्यावरच्या बायांना पुरत्या भावानं. तारीख तालुका कमिटी ठरवेल, पेरणीच्या आधीचीच ठेवू. दाव्यांच्या निवेदनालाही तोच दिवस, म्हणजे दोनदा रोज बुडणार नाही.

ठरावाचा नमुना मागच्या पानावर दिलाय. स्टेन्सिल जुनी झाल्यामुळं खालच्या दोन ओळी फिकट उठल्यात, तेव्हा सभेत वाचायच्या आधी पेनानं गिरवून घ्या. शाळेचं नाव आणि पोरांचा आकडा लिहायची जागा मोकळी सोडली आहे.